ल्यूथर हवा म्हणण्याआधी यान हुसची चळवळ वाचा



आपल्या अभ्यासवर्गांत एक वाक्य वारंवार ऐकू येते. "युरोपात मार्टिन ल्यूथर झाला म्हणून तिथला समाज बदलला. आपल्याकडे ल्यूथर झाला नाही म्हणून जात टिकली." दुसऱ्या बाजूला काही तरुण मित्र म्हणतात, "धर्मसुधारणेतून मिळाले काय? माणसे पिढ्यानपिढ्या एकमेकांना मारत राहिली. धर्म हा विषयच सोडा, भाकरीचे बोला." या दोन्ही मतांच्या मित्रांशी मी पुष्कळ वाद घातले आहेत. दोघांचीही गाडी ल्यूथरपासून सुरू होते आणि ल्यूथरपाशीच थांबते. त्याच्या शंभर वर्षे आधी बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, जे घडले ते दोघांच्याही हिशेबात नसते. खरे तर आपल्याला शिकण्यासारखे अधिक तिथेच आहे.

ल्यूथरचे नाव आपल्याकडे आले ते उगीच नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि त्यांनी सभाच रद्द केल्यामुळे स्वतः छापून काढलेल्या भाषणात बाबासाहेबांनी ल्यूथरचा दाखला दिला आहे. राजकीय क्रांतीच्या आधी सामाजिक आणि धार्मिक क्रांती व्हावी लागते, हा त्यांचा मुद्दा होता. त्यासाठी त्यांनी ल्यूथर, इंग्लंडमधले प्युरिटन, पैगंबर, चंद्रगुप्ताच्या आधीचा बुद्ध, शिवरायांच्या आधीचे संत आणि गुरू नानक अशी उदाहरणे दिली. मला अनेक वर्षे एक प्रश्न पडत होता. ज्या माणसाला ल्यूथरचे महत्त्व इतके पटले होते, तो स्वतः हिंदू धर्माचा ल्यूथर का झाला नाही? घर दुरुस्त करण्याऐवजी त्याने घरच का सोडले? याचे उत्तर शोधताना मी यान हुसपर्यंत पोहोचलो.

मध्ययुगीन युरोपचा समाज कसा होता ते आधी पाहू. तिथल्या पंडितांनी समाजाचे तीन वर्ग सांगितले होते. प्रार्थना करणारे, लढणारे आणि राबणारे. पाद्री, सरदार आणि कष्टकरी. हे तीन वर्ग म्हणजे एकाच शरीराचे अवयव, प्रत्येकाने आपापले काम करावे, हाताने डोके होण्याची हाव धरू नये, अशी त्यांची शिकवण होती. हे वाचून तुम्हाला पुरुषसूक्त आठवले असेल, तर ते योग्यच आहे. फरकही लक्षात ठेवा. तिथे कष्टकऱ्याचा मुलगा पाद्री होऊ शकत होता. पाद्र्याला लग्नच करता येत नसल्यामुळे तो वर्ग जन्मावर चालूच शकत नव्हता. यान हुस स्वतः दक्षिण बोहेमियातल्या हुसिनेत्स गावच्या गरीब घरातला होता. तो शिकला, पाद्री झाला आणि १४०९ मध्ये प्राग विद्यापीठाचा प्रमुखही झाला. आपल्याकडे शंबूकाचे काय झाले ते आपण जाणतो.

हुस १४०२ पासून प्रागच्या बेथलेहेम चॅपेलमध्ये प्रवचन करू लागला. ही जागा १३९१ मध्ये मुद्दाम चेक भाषेतल्या प्रवचनांसाठी उभारली गेली होती. चर्चची पूजाविधीची भाषा लॅटिन. सामान्य माणसाला ती कळत नसे. हुस लोकांच्या भाषेत बोलला. त्याच्यावर इंग्लंडच्या जॉन वायक्लिफचा प्रभाव होता. चर्चची संपत्ती आणि सत्ता हे भ्रष्टतेचे मूळ आहे आणि बायबल लोकांच्या भाषेत आले पाहिजे, असे वायक्लिफचे म्हणणे होते. वायक्लिफ १३८४ मध्ये वारला. १४२८ मध्ये त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली गेली आणि राख नदीत टाकली गेली. मेलेल्या माणसालाही व्यवस्था किती घाबरते, ते यावरून कळते.

१४१२ मध्ये प्रागच्या रस्त्यांवर पापमुक्तीच्या चिठ्ठ्या विकायला आल्या. पोपपदावर दावा सांगणाऱ्या जॉन तेविसाव्याला नेपल्सच्या राजाविरुद्धच्या युद्धासाठी पैसा हवा होता. त्यासाठी स्वर्गाचे तिकीट विक्रीला निघाले होते. हुसने उघड विरोध केला. विरोध करणाऱ्या तीन तरुणांची मुंडकी उडवण्यात आली. हुसला धर्मबहिष्कृत केले. तो शहरात आहे तोवर शहरातले धर्मविधी बंद, असा हुकूम निघाला. हुस शहर सोडून खेड्यांत गेला. तिथे तो उघड्यावर प्रवचने देऊ लागला आणि चेक भाषेत ग्रंथ लिहू लागला.

आता पुढचा भाग नीट वाचा, कारण आपल्या "सुधारक" मित्रांना सांगण्यासारखा हाच आहे. तेव्हा ख्रिस्ती जगात एकाच वेळी तीन पोप होते. हा गोंधळ मिटवण्यासाठी आणि चर्चच्या सुधारणेसाठी १४१४ मध्ये कॉन्स्टन्स शहरात धर्मपरिषद भरली. राजा सिगिस्मंडने हुसला अभयपत्र दिले. त्याच्या भरवशावर हुस तिथे गेला. काही आठवड्यांतच त्याला कैद झाली. पाखंड्याला दिलेले वचन पाळायची गरज नाही, असा युक्तिवाद झाला. मे १४१५ च्या अखेरीस याच परिषदेने त्या चिठ्ठ्या विकणाऱ्या जॉन तेविसाव्याला पदच्युत केले. त्यानंतर सव्वा महिन्याच्या आत, ६ जुलै १४१५ रोजी, त्या चिठ्ठ्यांना विरोध करणाऱ्या हुसला जिवंत जाळले. राख ऱ्हाइन नदीत टाकली. त्याच्यावर खटला चालवण्यात पुढे असलेले पॅरिसचे जाँ जेर्सों आणि कार्डिनल पिएर दायी हे त्या काळचे नावाजलेले सुधारक होते. त्यांना चर्च सुधारायचे होते. खुर्चीवर कोण बसेल हे त्यांना बदलायचे होते. खुर्चीलाच प्रश्न विचारणारा माणूस मात्र त्यांना सहन झाला नाही.

हुसच्या मृत्यूनंतर बोहेमिया पेटला. ४५२ सरदारांनी परिषदेला निषेधाचे पत्र पाठवले. पण चळवळीची खूण ठरला तो एक प्याला. ख्रिस्ती प्रार्थनेत भाकर आणि द्राक्षरस असा प्रसाद असतो. कालांतराने द्राक्षरसाचा प्याला फक्त पाद्र्याने प्यायचा आणि इतरांनी भाकरीवर भागवायचे, अशी प्रथा रूढ झाली. हुसच्या सहकाऱ्यांनी १४१४ मध्ये प्रागमध्ये सर्वांना प्याला द्यायला सुरुवात केली. जून १४१५ मध्ये परिषदेने त्यावर बंदी घातली. मग प्याला हेच चळवळीचे निशाण झाले.

प्याल्यासाठी एवढे? असे विचारणाऱ्याने महाड आठवावे. चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करायला आपण जातो आहोत, असा १९२७ च्या महाड सत्याग्रहात बाबासाहेबांनी मांडलेला अर्थ होता. माझ्या आजीच्या पिढीने गावच्या हॉटेलाबाहेर कोनाड्यात ठेवलेली वेगळी कपबशी पाहिली आहे. वेगळ्या कपाचा अर्थ आम्हाला कुणी समजावून सांगावा लागत नाही. तरी साम्य सांगताना सत्य सोडू नये. चर्चचा प्याला सामान्य शेतकऱ्याला मिळत नव्हता तसा बड्या सरदारालाही मिळत नव्हता. ती रेषा पाद्री आणि बिगरपाद्री यांच्यात होती. महाडची रेषा जन्माने आखलेली होती आणि तळ्यावर जनावरे पाणी पीत होती. म्हणूनच प्याल्याच्या लढाईत बोहेमियाचे सरदार शेतकऱ्यांच्या बरोबर उभे राहू शकले. पुढे काय झाले ते समजायला हीच गोष्ट उपयोगी पडते.

१४२० मध्ये पोप मार्टिन पाचव्याने बोहेमियाविरुद्ध धर्मयुद्ध पुकारले. १४२० ते १४३१ या काळात अशा पाच मोहिमा झाल्या आणि पाचही फसल्या. यान जिश्का नावाच्या एका डोळ्याच्या, पुढे पूर्ण आंधळ्या झालेल्या सेनापतीने शेतकऱ्यांच्या फौजेकडून चिलखती सरदारांना पळवून लावले. शेतीचे गाडे साखळ्यांनी जोडून त्यांचा कोट करायचा आणि आतून बंदुका चालवायच्या, ही त्याची युक्ती होती. धान्य मळायच्या दांडक्यांना लोखंडी खिळे ठोकून हत्यारे केली गेली. प्रागजवळच्या वितकोव्ह टेकडीवर १४ जुलै १४२० रोजी स्त्रियाही लढल्या. जन्माने लढवय्या असलेला वर्ग राबणाऱ्यांसमोर पळतो, हे सगळ्या युरोपने पाहिले. भीमा कोरेगावचा स्तंभ पाहणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

चळवळीचा सगळ्यात पुढारलेला गट ताबोर नावाच्या वसाहतीत एकवटला होता. ही वसाहत १४२० मध्ये वसली. तिथे सगळे एकमेकांना भाऊ आणि बहीण म्हणत. आपला पैसाअडका आणून सामाईक पिंपांत टाकत. धनी आणि कूळ हा भेद राहणार नाही, असे जाहीर झाले. मित्रहो, युरोपातल्या कष्टकऱ्यांनी सहाशे वर्षांपूर्वी हे स्वप्न पाहिले होते, म्हणून त्याचा आदर केला पाहिजे. पण आदर म्हणजे भक्ती नव्हे. बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीविषयी दिलेला इशारा इतिहासालाही लागू आहे. पिंपे रिकामी झाली. उत्पादनाची काही व्यवस्था नव्हती. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत ताबोरने आसपासच्या शेतकऱ्यांकडून जुने कर पुन्हा वसूल करायला सुरुवात केली. हुसला जाळणाऱ्यांविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळीने १४२१ मध्ये आपल्यातल्याच अधिक बंडखोर लोकांना जाळले. प्रसादाबद्दल वेगळे मत मांडणाऱ्या मार्टिन हुस्का या प्रवचनकाराचाही त्याच वर्षी अग्नीत अंत झाला. चितेवर जाळले गेलेल्यांचे वारसही सहा वर्षांत दुसऱ्यासाठी चिता रचू शकतात. आपल्या बाजूने अन्याय सोसला एवढ्यावरून आपण न्यायी ठरत नाही, हे प्रत्येक चळवळीने लक्षात ठेवावे असे आहे.

शेवट शत्रूने केला नाही. पाच मोहिमा फसल्यावर चर्चने वाटाघाटीचा रस्ता धरला. १४३३ मध्ये हुसवादी प्रतिनिधी बासेलच्या परिषदेत जाऊन वाद घालून आले. ही मोठीच गोष्ट होती. पण वाटाघाटींनी चळवळीत उभी फूट पाडली. सरदारांना आणि शहरातल्या श्रीमंतांना प्याला मिळाला की पुरे होता. चर्चच्या जमिनी तर त्यांनी आधीच बळकावल्या होत्या. युद्धाला पंधरा वर्षे झाली होती, उपासमार होती, आणि ताबोरच्या फौजा शेजारच्या प्रदेशांत लूट करीत होत्या, हेही खरे. ३० मे १४३४ रोजी लिपानी इथे हुसवादी सरदारांनी कॅथलिक सरदारांशी हातमिळवणी करून ताबोरच्या फौजेचा नाश केला. प्रोकोप हा त्यांचा नेता रणात पडला. पकडलेल्या अनेकांना कोठारांत कोंडून जाळले. दोन वर्षांनी करार झाला. त्यात प्याला मिळाला, आणि बाकीच्या मागण्या इतक्या पातळ झाल्या की त्यांना अर्थ उरला नाही. पुढे १४६२ मध्ये पोप पायस दुसऱ्याने तो करारही रद्द ठरवला.

हिशेब मांडू या. पाद्र्यांच्या जमिनी गेल्या, त्या सरदारांना मिळाल्या. शेतकऱ्याला प्याला मिळाला, शेत मिळाले नाही. १४८७ मध्ये, म्हणजे लिपानीनंतर पन्नासएक वर्षांनी, धन्याच्या परवानगीशिवाय जमीन सोडणाऱ्या शेतकऱ्यावरची बंधने आणखी आवळली गेली. ज्यांनी दांडक्यांनी धर्मयुद्धे परतवली त्यांचीच नातवंडे जमिनीला जखडली गेली.

लिपानीचे नाव घेतले की आपले लोक लगेच म्हणतात, "बघा, फुटीमुळे घात झाला, आपण एक व्हा." रिपब्लिकन पक्षाच्या तुकड्यांवर हळहळणे हा आपला नेहमीचा छंद आहे. पण लिपानी एवढेच सांगत नाही. तिथली फूट अहंकारातून आली नव्हती. "प्याला पुरे की जमीनही हवी?" या प्रश्नावर ती होती. ज्यांचे पोट भरले होते त्यांनी समझोता केला. तेव्हा पुढच्या वेळी एखादा गट प्रस्थापितांशी युती करायला निघाला, तर "एकी मोडली" म्हणून रडण्याआधी विचारा, की त्यांना काय मिळाले आणि वस्तीतल्या माणसाला काय मिळाले? टेबलावर कोण बसले होते? बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, अशी मागणी का केली होती, ते बोहेमियाचा हा हिशेब पाहिला की अधिक स्पष्ट होते. मानाचा प्याला जमिनीशिवाय टिकत नाही.

या सगळ्या धुमाळीत एक माणूस वेगळा उभा होता. पेत्र खेल्चित्स्की. दक्षिण बोहेमियातला, विद्यापीठात न शिकलेला. त्याने त्या तीन वर्गांच्या सिद्धांतावरच घाव घातला. समाजाचे तीन थर ही ख्रिस्ताच्या शरीराची रचना नाही, बलवानांनी आपल्या सोयीसाठी केलेली ती मांडणी आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. धर्मासाठी तलवार उचलणेही त्याला मान्य नव्हते. प्याल्यावर भांडणाऱ्या बहुतेकांनी शरीराची उपमा तशीच ठेवली होती. त्याने उपमाच नाकारली. त्याच्या विचारांतून १४५७ मध्ये एक लहानसा बंधुसंघ उभा राहिला. कॅथलिक आणि प्यालेवाले यांच्यात १४८५ मध्ये शांततेचा करार झाला, तेव्हा त्यात या संघाला जागा नव्हती. १५०८ मध्ये त्याच्यावर बंदीचा हुकूम निघाला. बंड करून सत्तेच्या जवळ गेलेल्यांनी खालच्या पायरीवरच्यांना बाहेर ठेवले.

आता ल्यूथरकडे येऊ. १५१९ मध्ये लाइपझिगच्या वादसभेत त्याने कबूल केले की हुसची काही मते खरी ख्रिस्ती होती. ल्यूथरने पोपची सत्ता हादरवली, बायबल जर्मन भाषेत आणले. हे मोठे काम होते आणि बाबासाहेबांनी त्याची दखल घेतली ती योग्यच. पण १५२५ मध्ये जर्मन शेतकऱ्यांनी मेमिंगनमध्ये आपल्या बारा मागण्या मांडल्या. ख्रिस्ताने सगळ्यांनाच मुक्त केले आहे, मग आम्ही वेठबिगार कसे, हा त्यातला एक प्रश्न होता. ल्यूथरचेच तत्त्व त्यांनी शेतात नेले होते. ल्यूथर काय म्हणाला? आधी दोन्ही बाजूंना समज दिली, आणि बंड पसरल्यावर बंडखोरांना निर्दयपणे मारा, असे राजांना सांगणारी पुस्तिका लिहिली. १५ मे १५२५ रोजी फ्रांकनहाउसनला शेतकऱ्यांची कत्तल झाली. त्यांच्या बाजूने उभा राहिलेल्या थॉमस म्युंत्सरचे शिर उडवले गेले. १५५५ च्या आउग्सबुर्ग तहाने ठरवले, की ज्याचे राज्य त्याचा धर्म. राजा कॅथलिक तर प्रजा कॅथलिक, राजा ल्यूथरवादी तर प्रजा ल्यूथरवादी. पटत नसेल तर घरदार विकून देश सोडा. बोहेमियात १६२० च्या पराभवानंतर तेही उरले नाही. १६२७ च्या नव्या राज्यघटनेने कॅथलिक पंथ सोडून बाकी सगळे बेकायदा ठरवले.

म्हणून "आपल्यात ल्यूथर झाला नाही" या विलापात मी सामील होत नाही. त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण ग्रंथाचे. वायक्लिफ, हुस आणि ल्यूथर यांच्या हातात एक ग्रंथ होता, आणि त्या ग्रंथाचा आधार घेऊन चर्चला जाब विचारता येत होता. धन्यांनी त्यातच गुलामीचा आधार शोधला हे खरे, पण शेतकऱ्यालाही त्यात समतेचा आधार सापडत होता. आपल्याकडे विषमता पुरोहिताने ग्रंथाबाहेर जाऊन आणलेली नव्हती. तिचे मूळ ग्रंथातच होते. म्हणून बाबासाहेब म्हणाले की शास्त्रांचे प्रामाण्यच नष्ट करा. ग्रंथाकडे परत जाणारा ल्यूथर इथे मनुस्मृतीपाशीच पोहोचला असता. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ती जाळली गेली, कारण तिच्या नव्या भाष्याने काम होणार नव्हते.

दुसरे कारण निवडीचे. युरोपात धर्म बदलला तो बहुतेक ठिकाणी राजाने. शेतकऱ्याला सकाळी उठून कळायचे की आपला धर्म आता दुसरा झाला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात कोण राजा होता? लाखो माणसे स्वतःच्या पायाने आली, बावीस प्रतिज्ञा स्वतःच्या तोंडाने घेतल्या. तलवार नाही, तह नाही, सरदार नाही. मागे होते ते १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतरचे एकवीस वर्षांचे मंथन आणि संविधानातले कलम २५. धर्मसुधारणेने युरोपला रक्तपात दिला म्हणून धर्माचा विषय सोडा, असे म्हणणाऱ्या मित्रांना माझे हेच उत्तर आहे. रक्त सांडले ते माणसाने धर्म निवडला म्हणून नाही. त्याने निवडू नये म्हणून सांडले.

आणि हा प्रश्न संपलेला नाही. आज काही राज्यांत धर्मांतर करण्याआधी जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते, चौकशीला सामोरे जावे लागते. माणसाच्या विवेकाचा निकाल कचेरीत लागणार असेल, तर "ज्याचे राज्य त्याचा धर्म" हे १५५५ चे सूत्र मागच्या दाराने परत येते आहे. धम्मदीक्षेच्या वारसांनी यावर बोलायचे नाही तर कोणी बोलायचे?

६ जुलैला चेक देशात हुसच्या स्मृतीची सार्वजनिक सुट्टी असते. १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसऱ्यांनी त्याच्या क्रूर मृत्यूबद्दल खेद व्यक्त केला. जाळल्यानंतर ५८४ वर्षांनी. व्यवस्था तुमचा माणूस आधी जाळते, मग विसरते, आणि सोयीचा झाला की त्याचा पुतळा उभारते. बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्या हातांकडे पाहताना हे ध्यानात असू द्या. अभ्यासवर्गात पुढच्या वेळी ल्यूथरचा विषय निघाला, तर आधी तीन प्रश्न विचारा. प्याला कोणाच्या हातात आला? जमीन कोणाकडे राहिली? आणि तह करायला टेबलावर कोण बसले होते? कोणत्याही सुधारणेची परीक्षा या तीन प्रश्नांनी होते. ती आपल्या चळवळीचीही होऊ द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!